देवकीचे तोडे

सण जवळ आला की सुभद्रा आपल्या चांदीचं गाठोडं आणून विहिरीच्या जोत्यावर आदळे अन् म्हणे, "देवके, घे वं. आरशावाणी झाली पाह्यजे."

देवकी घेई. गाठोड्यात सुभद्रेची गळ्यातली हसळी राहे, हातातले गोट राहत, कंबरपट्टा राहे, आणि सगळ्यांच्या बुडाशी, वेगळ्या फडक्यात बांधलेले, पायातले तोडे. हे तोडे देवकीचे होते. तिच्या मायनं तिला लग्नात घातलेले. आता ते मोठ्या जावेच्या पायात होते आणि घासायला देवकीच्या हातात येत. यापरीस कोणी थोबाडात मारली असती तर गाल चोळून विसरून तरी जाता आलं असतं.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली ही गोठ सुरू झाली. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या गल्लीतून सकाळी एक तिरडी निघे, तिचे लोक परत यायच्या आत दुसरी बांधून तयार. देवकीचा नवरा रुपराव त्यातच गेला. तिकडे सावनेरजवळच्या खेड्यात तिचे मायबापही त्याच साथीत गेले, घराला कुलूप लावायलाही कोणी उरलं नाही. बायकांनी देवकीच्या बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. तोड्यांचे खिळे सुभद्रेनं आपल्या हातानं उपसले आणि तोडे पदराच्या गाठीत बांधले.

"मी जपून ठेवतो वं," ती म्हणाली. "तू आता शुद्धीवर नाही. कुठी हरपतीन."

जपून असे ठेवले की पुढच्या पोळ्याला बैल ओवाळायला निघाली ती तेच पायात घालून.

देवकी दारातच आडवी झाली. "बाई, हे तं माहे तोडे होत."

"तुहे?" सुभद्रा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसली. "माह्या धन्यानं घडवले मले. काहून वं, रांडव झाली तरी पायाची हौस फिटली नाही का तुही?"

चार माणसं गोळा झाली. देवकीच्या बाजूनं बोलणारी माय राखेत, नवरा राखेत. मारोतराव, म्हणजे देवकीचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, जमिनीकडे पाहत उभे राहिले. त्या माणसानं जन्मभर जमिनीकडेच पाहिलं. सुभद्रेनं तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि ज्याची शपथ त्याचा माल, असा न्याय होऊन गेला. वरून देवकीला नाव पडलं, चोट्टी. जावेच्या तोड्यांवर डोळा ठेवणारी चोट्टी. विहिरीवर ती आली की बायका आपापले लोटे जवळ ओढून घेत.

जाणार कुठं? माहेर तर उरलं नव्हतं. देवकी त्याच घरात राहिली, त्याच चुलीपुढे बसली, आणि तोंडात जीभ अशी ठेवली जशी म्यानात सुरी.

चांदी घासण्याचं काम तिच्याकडे आपोआप आलं, कारण तिच्या हाताला ते येत होतं. मायनं शिकवलं होतं. आधी चिंचेच्या कोळात भिजत घालायची, मळ सैल होईस्तोवर. मग रिठ्याचा फेस. मग चुलीची राख, पण कशीही नाही, कापडातून गाळलेली, पिठावाणी मऊ. राखेत एक खडा राहिला तर चांदीला ओरखडा जन्माचा. नक्षीच्या फटीत दातवणाची कुटलेली काडी फिरवायची. शेवटी पाण्यानं धुऊन, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं कोरडी करायची, तीही सावलीत. आणि ठेवायची कापसात. चुलीजवळ नाही, हिंगाच्या डब्याजवळ तर बिलकूल नाही.

तोडे घासताना देवकीचं बोट नेमकं एका कडीवर थांबे. ती कडी जराशी चेपलेली होती. माय तरणी असताना बैलानं तिच्या पायावर पाय दिला होता; पाय महिनाभर सुजला, तोडा मात्र एवढासाच दबला. माय म्हणे, "चांदीनं माहा पाय वाचवला." ती कडी बोटाला लागली की देवकीच्या दाढा एकमेकींवर बसत. मग ती तोडे असे चमकवी की सुभद्रेनं त्यात तोंड पाहावं. दुसरं काय करणार होती?

काय करणार, ते तिला एका दिवाळीला सुचलं.

सणाच्या दिवशी विधवेचं तोंड पाहू नये म्हणून सुभद्रेनं तिला मागल्या खोलीत बसवलं होतं. पण तोड्याचा खिळा घट्ट, सुभद्रेचं पोट मोठं, वाकणं होईना. तेव्हा हाक आली. "देवके! ये वं, खिळा लाव." तोंड चालत नव्हतं, हात चालत होते. ओसरीवर गल्लीतल्या बायका बसलेल्या. सुभद्रेनं पाय लांब केला. देवकी त्या पायाशी बसली, आपल्या मायचा तोडा जावेच्या घोट्यावर चढवला आणि खिळा दाबला.

"घासते चांगली," सुभद्रा बायकांना म्हणाली, "पण इच्या हातात चांदी देली की परत मोजून घ्या लागते वं बाई. चोट्टीचा काय भरवसा?"

बायका फिदीफिदी हसल्या. देवकीनं खिळा नीट बसला का ते पाहिलं, उठली आणि आत गेली. आत जाऊन ती रडली असं सांगणारे आहेत, ते खोटं सांगतात. ती आत जाऊन आठवत बसली. बापाच्या घरी एकदा बैलाला खरूज झाली होती. बापानं गंधक कुटून तेलात खलला आणि लहानग्या देवकीनं तो हातानं बैलाला चोळला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातली चांदीची पाटली काळी ठिक्कर! मायनं पाठीत धपाटा घातला. "गाढवे, चांदीचा दुनियेत एकच दुश्मन, गंधक. त्याच्या वाऱ्यालेही चांदी ठेवाची नसते."

धपाटा मायचा, आणि शिकवणही मायचीच. कामी आता आली.

देवकी जडीबुटी विकणाऱ्या पसाऱ्याच्या दुकानात गेली. "गंधक द्या जी थोडा."

"खरूज झाली का वं कोणाले?"

"आमच्या घरी एक कुत्री आहे. तिच्यासाठी."

पसारी डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या गल्लीत तं तो लाल्या फिरते. कुत्री कवा आली?"

"लय दिवस झाले. माह्या लग्नाच्या आधीपासून आहे," देवकी म्हणाली. "त्या लाल्यालेही लावीन उरला तं."

आणि खरंच लावला, कारण बोललेलं दाखवावं लागतं. लाल्या म्हणजे गल्लीतला मोकाट कुत्रा, अर्धं अंग केसाविना. देवकीनं त्याला भाकरीच्या तुकड्यावर बोलावलं आणि गंधकाचं तेल असं चोळलं की आगीनं तो गरीब जीव तळ्यापर्यंत केकाटत पळाला. तेव्हापासून त्या वासाचा त्यानं धसका घेतला.

देवकीचं घासणं होतं तसंच राहिलं. चिंच, रिठा, राख, काडी. फरक होता तो शेवटच्या फडक्यात. हसळी, गोट, कंबरपट्टा एका फडक्यानं पुसायची आणि तोडे दुसऱ्या. त्या दुसऱ्या फडक्याला गंधकाचं तेल चोपडलेलं, वास दबावा म्हणून त्यात कापूर कुटलेला. तोडे हातात देताना असे लखलखीत की कोणाची बोलायची सोय नाही. मग सुभद्रेच्या पायावर ते हळूहळू फिरत. आधी पिवळट, सुकल्या पानावाणी. मग तांबूस. मग निळे, मोराच्या मानेसारखे. तेव्हा सुभद्रा कौतुकानं पाय वळवून पाहे. आणि मग काळे. तव्याच्या बुडावाणी काळे.

आता एक गोठ त्या काळच्या बायकांच्या मनात खिळ्यावाणी पक्की होती. दुसऱ्याची चांदी अंगावर काळी पडते. हे कोणी सांगितलं, कवा सांगितलं, त्याचा पत्ता नाही, पण सगळ्यांना ठाऊक. देवकीला हे कोणाजवळ बोलायचीही गरज पडली नाही. ती फक्त फडकं फिरवत राहिली.

उन्हाळ्यात सुभद्रेच्या पोरीचं, शेवंताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा कामठीचा. पाव्हणे आले, ओसरीवर सतरंज्या पडल्या, सुभद्रा अंगभर चांदी घालून मधोमध बसली. मुलाची आत्या रुखमाबाई तिच्यासमोर. मोठी बोलकी बाई, डोळ्यांनीच माणूस तोलणारी. पानसुपारी सुरू होती, तेवढ्यात उष्ट्या पत्रावळींच्या वासावर लाल्या आत शिरला. हुंगत हुंगत तो सुभद्रेपर्यंत आला, नाक तिच्या पायाला लावलं, आणि गंधकाचा वास नाकात जाताच शेपूट पोटाखाली घालून असा विव्हळत पळाला जसं त्यानं भूत पाहिलं.

सगळ्या बायकांच्या नजरा सुभद्रेच्या पायांवर.

"माय वं!" रुखमाबाई म्हणाली. "तुमच्या गळ्यातली चांदी तं चांदण्यावाणी, अन् पायातली कोळशावाणी काहून?"

"ते... घासाची राहिली."

"एकाच हातानं घासली असन ना सगळी? मंग हसळी घासली अन् तोडेच राहिले?" रुखमाबाई पुढे वाकली. "कोणाचे होत वं हे तोडे?"

"माहेच तं आहेत!"

"बापा! आपली चांदी आपल्याच पायावर रुसलेली मी पयल्यांदाच पाहून राहिली."

साक्षगंध मोडलं नाही, पण लग्नाची तारीखही निघाली नाही. रुखमाबाई उठताना गोड बोलून गेली, "पोळा होऊ द्या, मंग पाहू." ते गोड बोलणं सुभद्रेला विंचवावाणी डसलं. मागल्या खोलीच्या दाराआड देवकीनं ते ऐकलं. बऱ्याच वर्षांनी तिला त्या दिवशी पोटभर भूक लागली.

"तू नीट घासत नाही," सुभद्रा तिच्या अंगावर धावली.

"तुमच्या डोळ्यापुढे घासतो बाई. बसा अठी."

सुभद्रा खरंच जोत्यावर पाट टाकून बसली. चिंच पाहिली, रिठे पाहिले, राख बोटानं चोळून पाहिली. फडक्याकडे काय पाहणार? फडकं म्हणजे फडकं. तोडे चमकले. पायात घातले. आणि पुन्हा काळे पडले. आता तर तिनं आपल्या डोळ्यांनी घासताना पाहिले होते! सुभद्रेची झोप उडाली. पाय चादरीबाहेर काढायला तिला भेव वाटू लागलं. तोडे काढून पेटीत ठेवले तर पेटीतही काळेच. देवकीला ती आता चोट्टी म्हणत नव्हती, पण तोडे तुहे आहेत, हेही म्हणत नव्हती. ते म्हटलं की तुळशीवरची शपथ खोटी पडते, आणि खोट्या शपथेच्या घरातली पोरगी कोण करून घेईल?

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं नत्थूजीला बोलावलं. नत्थूजी झाडफूक करणारा, तीन गल्ल्यांचा आधार. त्यानं तोड्यांवरून मोरपीस फिरवलं, नाकाशी धरले, शिंकला.

"कोण्यातरी बाईचा जीव अडकला आहे यात," तो म्हणाला. "घरात ठेवू नका. परवा मारबत निघन, तिच्या गळ्यात घाला अन् जाळून टाका तिच्यासंग. पीडा गेली."

देवकी आत पीठ मळत होती. तिचे हात कणकेतच थांबले.

हे तिच्या मनातही नव्हतं आलं. तिला तोडे सुभद्रेच्या पायातून काढायचे होते, आगीत घालायचे नव्हते. मायच्या पायावरून बैल गेला, साथ गेली, तरी टिकलेली चांदी, आणि ती आपल्याच गंधकानं आगीत चालली! बाहेर जाऊन सांगावं का सगळं, फडकं दाखवावं? सांगितलं की तोडे वाचतील, पण सुभद्रेच्याच पायात राहतील. आणि चोट्टी ती चोट्टीच राहील, वरून जादूटोणा करणारी.

पोळ्याच्या दिवशी सुभद्रेनं घासायला फक्त हसळी न् गोट दिले. तोडे नाही. देवकी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत एकटी विहिरीवर बसली, आणि तिच्या बोटांनी सवयीनं ती चेपलेली कडी शोधली. हातात नव्हती. तिथंच तिनं ठरवलं.

पोळ्याचा दुसरा दिवस मारबतीचा. नागपुरात मोठ्या मारबती वाजतगाजत निघतात, पण गल्लीची आपली लहानी मारबत वेगळी राहे. कामट्यांची, वर कागद चिकटवलेली, काळ्या तोंडाची, हात पसरलेली. पोट्टे तिला खांद्यावर घेऊन दारोदार फिरवत आणि शेवटी तळ्याकाठी जाळत. ती दारापुढे आली की घरची बाई बाहेर येऊन आपली पीडा नाव घेऊन तिच्या हवाली करी. नाव घेतल्याशिवाय नाही. "धन्याचा खोकला घेऊन जा गे मारबत!" मग सारी गल्ली ओरडे, "घेऊन जा गे मारबत!" कोणी ढेकणांचं नाव घेई, कोणी खरजेचं, एक सून तर दरसाल डोळे मिचकावत सासूच्या बडबडीचं नाव घेई आणि सासू लाटणं घेऊन मागे धावे.

मारोतरावांच्या दारापुढे मारबत थांबली. सुभद्रा फडक्यात तोडे घेऊन बाहेर आली. चेहरा उतरलेला, पण पाऊल घाईचं. तिनं चुपचाप फडकं मारबतीच्या गळ्यात अडकवायला हात वर केला.

"बाई," दारातून आवाज आला. देवकी. गल्लीनं तिचा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "नाव घेऊन धाडा. बिननावाची पीडा मारबत नेत नाही. वापस येते."

"हाव वं, बरोबर आहे," समोरच्या घरची म्हातारी जानकाबाई म्हणाली. ती गल्लीतली सगळ्यात जुनी सवाष्ण, रीतभात तिला विचारून चाले. "काय धाडून राहिली सुभद्रे? नाव घे."

सुभद्रेनं फडकं खाली घेतलं. "तोडे."

"कोणाचे?"

"माहे... सुभद्रेचे तोडे घेऊन..."

"थांब, अवं थांब!" जानकाबाईनं तिचं मनगटच पकडलं. "सवाष्ण बाई ना तू? आपल्या पायाची चांदी आपलं नाव घेऊन जाळाले धाडते? कुंकू संगं जाईन तुहं! मारोतराव जिता उभा आहे अठी!"

मारोतरावांनी पहिल्यांदा जमिनीवरून नजर उचलली. कोणाचंही मरण अंगावर आलं की वर पाहतोच माणूस.

मारबतीचा कागद वाऱ्यानं फडफडत होता. पोट्ट्यांचे खांदे अवघडले. सुभद्रेनं एकदा तोड्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. माहे म्हणावं तर नवरा जातो. वापस घरात न्यावे तर पीडा राहते, पोरीचं लग्न राहते. देवकी उंबऱ्यावर हात टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, लोभ नव्हता, काहीच नव्हतं. दगड घासून ठेवला तसं ते तोंड.

"बोल लवकर," जानकाबाई म्हणाली. "माहे नाहीत तं कोणाचे?"

सुभद्रेच्या तोंडून ते निघालं, खरवडलेल्या खापरावाणी.

"देवकीचे. देवकीचे तोडे घेऊन जा गे..."

"माहे आहेत तं मले दे," देवकी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती जावेला 'दे' म्हणाली, 'द्या' नाही. ती उंबरा उतरून खाली आली. "मी माही वस्तू मारबतीले देत नाही."

आणि सुभद्रेच्या हातातून फडकं काढून घेतलं. सुभद्रेची बोटं घट्ट नव्हतीच.

"तुळशीवर हात ठेवला होता ना वं इनं?" कोणीतरी मागून म्हणालं. मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडत गेला, तो आवाजावरून कळत होता. लोटे जवळ ओढणाऱ्या बायका आता एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"अजून एक राहिली," देवकी म्हणाली. तिनं मारबतीच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात ओरडली, "सुभद्रेची लबाडी घेऊन जा गे मारबत!"

पोट्ट्यांना काय, नवं मिळालं. साऱ्या गल्लीनं ते उचललं. मारबत तळ्याकडे वळेपर्यंत दुसरं काही कोणी ओरडलं नाही. आणि गल्लीची एक खोड असते, एकदा जिभेवर बसलेली आरोळी ती सोडत नाही. दरसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दारापुढे मारबत आली की खोकला, ढेकूण, खरूज सगळं होऊन शेवटी तेच. ज्यांना तोड्यांची गोठ ठाऊकही नव्हती ते पोट्टेसुद्धा ओरडत, "सुभद्रेची लबाडी घेऊन जा गे मारबत!"

पीडा गेली म्हणून कामठीवाल्यांनी तारीख काढली. शेवंताचं लग्न झालं. लग्नाच्या आधी सुभद्रा देवकीच्या खोलीच्या दाराशी आली होती. "पोरीच्या पायात घालाले देतं का वं? लगन झालं की वापस करतो." देवकीनं तोडे उचलून कापसात ठेवले. सुभद्रा तशीच मागं वळली.

सुभद्रेनं मग पायात चांदी घातलीच नाही. देवकी तर विधवा, तिनंही घालायचे नव्हते. तरी दर सणाच्या आदल्या दिवशी ती जोत्यावर बसे, सुभद्रेच्या खिडकीच्या नेमकं समोर, आणि तोडे घासे. चिंच, रिठा, राख, काडी. जुन्या धोतराचं साधं फडकं. कर्र कर्र कर्र.

एकदा जानकाबाई पाण्याला आली. तोडे पाहून म्हणाली, "अवं, हे तं आधीच लखलख करून राहिले. मळ कुठी आहे? काहून घासतं वं?"

"मळासाठी नाही घासत," देवकी म्हणाली, आणि हाताचा जोर आणखी वाढवला. सुभद्रेच्या खिडकीचं दार आपटून बंद झालं.

लाल्या तिच्या पायाशी लोळत पडला होता. त्याच्या अंगावर आता चांगले दाट केस आले होते.